राजभवनात वस्तू 'सापडतात' कशा? आधी त्या जागेची नीट मोजणी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मलबार पॉइंटच्या राजभवनाबद्दल पेपरात अधूनमधून येत असतं, तिथले मोर, तिथला सूर्योदय, शपथविधी तर येतातच येतात. पण मला गेली काही वर्षं एक गोष्ट खटकतेय आणि ती कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा.

गोष्ट अशी की तिथे वस्तू 'सापडतात'. २०१६ च्या ऑगस्टमधे जमिनीखाली एक भुयार सापडलं, चांगलं १५० मीटर लांब, १३ खोल्या, ५,००० चौरस फुटांच्या वर जागा. २०१८ मधे उताराच्या पायथ्याशी बेवारस पडलेल्या दोन तोफा सापडल्या, एकेक तोफ २२ टनांची, क्रेन लावून वर काढाव्या लागल्या. आता २२ टनांची तोफ म्हणजे काही कपाटाच्या चाव्या नव्हेत की सोफ्याखाली गेल्या आणि दिवाळीच्या साफसफाईत मिळाल्या! आणि हे कुठल्या ओसाड किल्ल्यावर नाही, जिथे १८८५ पासून गव्हर्नर आणि मग राज्यपाल राहतायत, रोज माळी झाडतात, पहारा असतो, पीडब्ल्यूडीची माणसं जातात येतात, अशा जागेत.

मी कुणाला दोष देत नाहीये. उलट विद्यासागर राव राज्यपाल असताना त्यांनी त्या भुयाराच्या ऐकीव गोष्टीचा पाठपुरावा केला आणि बुजवलेली भिंत फोडायला लावली हे फार चांगलं झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपण तिथल्या बिल्डिंगी मोजतो, ती जागा मोजत नाही. माझा सगळा जन्म आर्किटेक्टांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून गेला, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंग पेनापासून कॉम्प्युटरपर्यंत, आणि जुन्या घरांची मोजमापं काढायला टेप घेऊन कोकणात बराच फिरलोय, त्यामुळे ह्या विषयावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

मुंबईतलं व्हिक्टोरियन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर काय येतं, सीएसएमटी, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, राजाबाई टॉवर. दगडी, टोकदार कमानी, गटारमुखाला सुद्धा कोरलेले प्राणी. २०१८ साली ह्यातल्या ओव्हल मैदानाच्या आजूबाजूच्या इमारती आणि समोरच्या आर्ट डेको बिल्डिंगी मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या, चांगलंच झालं. पण राजभवन त्या जातीचं व्हिक्टोरियन नाही. ते आहे पसरलेलं. साधारण ५० एकर, तीन बाजूंनी समुद्र, उंच व्हरांड्याचे उतरत्या छपरांचे बंगले एकमेकांपासून लांब लांब ठेवलेले, मधे झाडी, वळत जाणारा रस्ता, हिरवळ, कडा, खाली खडक आणि वाळूचा पट्टा. ह्यात बंगला हा मुख्य माल नाहीच, तो फक्त बसायची जागा आहे, मुख्य माल आहे बंगल्यातून दिसतं ते. समुद्र कुठून दिसावा, कुठून दिसू नये, वारा कुठल्या बाजूने आत यावा, गाडी कुठल्या वळणावर आली की अचानक पाणी दिसावं, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं आहे. ते ठरवणं म्हणजेच तिथला वारसा आणि ते कुठल्याही इमारतीच्या प्लॅनमधे येत नाही.

थोडा इतिहास सांगितला पाहिजे नाहीतर मुद्दा कळणार नाही. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ गव्हर्नर होते, त्यांनी ह्या टोकावर बंगला बांधला, त्यांच्यानंतर आलेल्या सर जॉन माल्कमनी तो वाढवला. तेव्हा ही हवापालटाची जागा, उन्हाळ्यात समुद्रावर यायचं आणि परत जायचं. सरकारी मुक्काम परळला असायचा. मग १८८२ साली परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमधे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांची बायको कॉलऱ्याने गेली (हो, पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच) आणि परळची हवा वाईट, गिरण्यांचा धूर, दलदल, ह्या सगळ्याला कंटाळून १८८५ मधे लॉर्ड रे ह्यांच्या वेळेस गव्हर्नरांनी कायमचा मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. परळच्या घरात पुढे १८९९ मधे हाफकिन साहेबांची प्लेगची लॅबोरेटरी आली, आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. म्हणजे आज जे राजभवन आपण बघतो ते मुळात आजाराला घाबरून समुद्राच्या हवेला पळालेल्या माणसांनी वसवलेलं आहे. म्हणून तिथे उघडे व्हरांडे, म्हणून बंगल्यांमधे एवढं अंतर. शौचकूप कुठे होते, सांडपाणी कुठून समुद्राला सोडलं, पिण्याचं पाणी कुठून आणलं, नोकरांची वस्ती वाऱ्याच्या कुठल्या अंगाला ठेवली, हे मोजलंत तर १८८५ सालचं आरोग्यशास्त्र अक्षरशः जमिनीवर काढलेलं मिळेल. पण गटारांचे नकाशे काढायला कुणाला हौस असते? सगळ्यांना झुंबराचा फोटो हवा.

पुण्याला गणेशखिंडीत पावसाळी गव्हर्नमेंट हाऊस होतं, आता विद्यापीठाची मुख्य इमारत. २२ जून १८९७ च्या रात्री राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाची पार्टी तिथेच होती आणि तिथून परतताना चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मलबार पॉइंटच्या त्या भुयारात आता 'क्रांती गाथा' म्हणून क्रांतिकारकांची गॅलरी आहे, जून २०२२ मधे तिचं उद्घाटन झालं, त्यात चापेकर आहेत, वासुदेव बळवंत फडके आहेत, सावरकर बंधू आहेत, मादाम कामा आहेत, आणि फर्ग्युसन कॉलेजात हंगामी गव्हर्नर हॉटसनवर १९३१ साली गोळी झाडणारे वासुदेव बळवंत गोगटे पण आहेत. गव्हर्नरांच्या दारूगोळ्याच्या कोठारात गव्हर्नरवर गोळी झाडणारे, हे मला मनापासून आवडलं.

पण गॅलरी केली म्हणजे भुयाराचा सर्व्हे झाला असं नाही. त्या भुयारात उघडल्यावर जे दिसलं ते आठवा, खोल्यांवर नावं होती. शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप. उजेड आणि हवा यायला सोय ठेवलेली, पाणी निघायला नाली केलेली. पश्चिमेकडे २० फूट उंच दरवाजा आणि तिथून चढत जाणारा लांब उतार. आता 'शेल लिफ्ट' असं नाव असलेली खोली आहे म्हणजे तोफगोळे तिथून वर चढत होते, म्हणजे बरोबर त्याच्या डोक्यावर तोफेची बैठक असणार, म्हणजे वरच्या बागेत कुठेतरी गोल काँक्रीटचा ओटा, लोखंडी कडी, बोल्ट, निदान जमिनीला आलेला विचित्र उंचवटा शोधायला पाहिजे. आणि खाली उतारावर ज्या तोफा मिळाल्या त्यांचा ह्या कोठाराशी मेळ बसतो का नाही, त्यांचा आणि गोळ्याच्या लिफ्टचा माप-माप लावून बघायला पाहिजे. तोफा आता राजभवनातल्याच जलविहार ह्या इमारतीच्या बाहेर मांडून ठेवल्यात, दिसायला झकास दिसतात, लोक फोटो काढतात. पण ती वस्तू जिथे पडली होती ती जागा, तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं, वरून ढकलली असावी का घसरत आली, हा अर्धा पुरावा असतो आणि वस्तू उचलली की तो संपतो. आमच्या धंद्यात म्हणायचे, आधी नकाशावर आण, मग हात लाव.

भुयार एवढी वर्षं कसं लपलं ह्याचं पण उत्तर मोजणीतच आहे. जुन्या घराची मोजणी करताना आम्ही बाहेरून टेप लावायचो आणि आतून खोली खोली मोजायचो, मग रात्री मुक्कामी बसून बेरीज जुळवायची. एकदा कोकणातल्या एका समुद्राकाठच्या जुन्या बंगल्यात बाहेरची लांबी आणि आतल्या खोल्या अधिक भिंती ह्यात सव्वातीन फुटांचा फरक आला की हो! दोनदा मोजलं, तरी तेच. घरमालक म्हणाले भिंतच जाड असेल. मग कपाटामागचा गिलावा ठोकून बघितला तर पोकळ आवाज, आत माळ्यावर जायचा बंद केलेला जिना निघाला. ह्यात हुशारी काही नाही, बेरीज आहे फक्त. डोंगरालाही हीच बेरीज लागू पडते. वरच्या बागेची लेव्हल आणि खालच्या भिंतीची लेव्हल एका कागदावर घेतली आणि मधे एवढी जाडी कशाला असं विचारलं की माणूस आपोआप भुयाराच्या दाराशी येतो.

आता मी नक्की काय मागतोय ते सांगतो.

पहिलं म्हणजे अख्ख्या ५० एकराचा एकच नकाशा. बंगल्यांचा वेगळा, रस्त्याचा वेगळा, इलेक्ट्रिकचा वेगळा असं नाही. टोटल स्टेशन (मोजणीचं यंत्र) लावा, लेसर स्कॅनर लावा, जे आज मिळतं ते लावा, फूटफूट अंतराच्या कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, काढा. ड्रोन म्हणाल तर सिक्युरिटीची परवानगी लागेल आणि तसाही गर्द झाडीत वरून फक्त पानं दिसतात, खालची पायरी दिसत नाही. पायी फिरायलाच पाहिजे, आणि फिरायचं ते मे महिन्याच्या शेवटाला जेव्हा गवत वाळलेलं असतं आणि भिंती, पायऱ्या, दगडी कठडे उघडे पडतात, आणि मग परत पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन फिरायचं आणि पाणी कुठून वाहतं ते बघायचं. जुनी गटारं शोधायची ह्याहून स्वस्त युक्ती नाही. गुडघाभर चिखल होतो, पण पाणी खोटं बोलत नाही.

दुसरं, झाडं. इथे लोकांना वाटतं मुंबईतलं शेवटचं नैसर्गिक जंगल वगैरे आहे. काही भाग असेलही. पण व्हिक्टोरियन माणसाची बाग म्हणजे जगभरातून आणून लावलेलं झाड. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष मध्य-दक्षिण अमेरिकेकडचा, आपला देवाला वाहायचा पांढरा चाफा सुद्धा तिकडचाच. मग कुठलं झाड कड्यावर आपसूक आलं, कुठलं रांगेत लावलंय, रांग कुठे तुटली, दोन मोठ्या झाडांच्या मधे बरोबर समुद्र दिसावा म्हणून मोकळी जागा ठेवलेली आणि मग कुणीतरी तिथे अशोक लावून ती बुजवली का, हे बघायला वनस्पतीशास्त्राचा माणूस आणि सर्व्हेअर दोघं एकत्र फिरले पाहिजेत. छातीच्या उंचीला खोडाचा घेर, नकाशावर ठिपका, फोटो, झालं. सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, मलबार हिलवरून टॅक्सीने पंधरावीस मिनिटं. आणि २०२१ पासून आपल्या राज्याच्या कायद्यात ५० वर्षांपेक्षा जुनं झाड म्हणजे हेरिटेज झाड असं आलेलं आहे. मग इथली किती झाडं त्यात बसतात ह्याची यादी लोकांना बघायला मिळायला काय हरकत आहे?

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, खालचे खडक. इस्टेट कुंपणाला संपते असं कागदावर असतं, पण समुद्राकाठच्या इस्टेटीला कुंपण नसतं, भरती-ओहोटी असते. मलबार पॉइंटच्या खडकात श्रीगुंडीचं स्थान आहे. खडकाच्या फटीतून पार झालं की पाप धुतलं जातं अशी जुनी समजूत, जुन्या गॅझेटियरमधे तिची नोंद आहे, कान्होजी आंग्रे आणि राघोबादादा तिथे येऊन गेल्याच्या कथा सांगतात. श्रीगुंडी देवीचं देऊळ राजभवनाच्या आवारात आहे, कोळी लोकांचं दैवत, उत्सवाला भाविकांना आत सोडतात. ह्याच टोकावर शिलाहारांच्या काळातलं वाळकेश्वराचं मूळ देऊळ होतं, ते पोर्तुगीजांच्या वेळेस गेलं आणि पुढे १७१५ मधे रामा कामतींनी बाणगंगेपाशी नवं बांधलं. म्हणजे गव्हर्नर साहेब इथे हवा खायला आले त्याच्या सातआठशे वर्षं आधीपासून ही जागा भाविकांच्या पायाखालची आहे. व्हिक्टोरियन इस्टेट हा वरचा थर झाला. सर्व्हे करणाऱ्याने जर फक्त १८८५ नंतरचं मोजलं आणि घडीव दगड दिसला की 'जुनी संरक्षक भिंत' असं लिहून पुढे गेला तर तो देवळाचा दगड सुद्धा असू शकतो हे त्याला कोण सांगणार? मुंबईचा पाया काळ्या बेसॉल्टचा, देवळाला तोच दगड, गव्हर्नरच्या कठड्याला तोच, तोफेच्या बुरुजाला तोच. ओळखायचं ते घडाईवरून, छिन्नीच्या खुणेवरून आणि सांध्यातल्या चुन्यावरून.

आणि खडक मोजायचे तर उधाणाच्या दिवसात मोजावे लागतील, अमावस्या-पौर्णिमेच्या पुढेमागे, कारण तेव्हाच ओहोटी खोलवर जाते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या पुढेमागे, गेलात तर निम्मे खडक पाण्याखालीच राहतात. हे कुठल्याही कोळ्याला तिथीवरून तोंडपाठ असतं, कन्सल्टंटला मात्र तीन महिन्यांनी कळतं, तोवर त्याचं टेंडर संपलेलं असतं.

बारीकसारीक गोष्टी तर विचारूच नका. छपरावरचं मंगलोरी कौल उलटं केलं की मागे कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, त्यावरून छप्पर कधी शाकारलं ह्याचा अंदाज येतो, तेच मॅनहोलच्या झाकणाचं, दिव्याच्या खांबाचं, नळाचं. पाथवेच्या कडेला उभ्या लावलेल्या विटा, पावसाचं पाणी अडवणारी दगडी पन्हळ, घोडागाडी वळवायला ठेवलेला गोल, सईस लोकांच्या खोल्या. रिपेअरच्या वेळी हेच पहिल्यांदा ट्रकमधे भरून जातं, कारण त्याची कुठे नोंदच नसते आणि नोंद नाही म्हणजे ते नव्हतंच.

रिपेअरवरून आठवलं. जलभूषण म्हणजे १८८५ पासूनचं गव्हर्नरांचं राहतं घर, ते आयुष्य संपलं म्हणून पाडलं आणि तिथे नवीन बांधलं, २०१९ मधे पायाभरणी आणि २०२२ मधे उद्घाटन. नवा दरबार हॉलही त्याच वर्षी झाला. सरकारने तेव्हा सांगितलं की जुन्या इमारतीची सगळी वैशिष्ट्यं नव्यात जपली आहेत. शंभरसव्वाशे वर्षांच्या, खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या घराची लाकडं आणि गर्डर काय अवस्थेत असतात ते मी बघितलंय, राहत्या माणसाच्या डोक्यावर पडेपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही. पण 'वैशिष्ट्यं जपली' हे तपासायचं कसं? जुन्या घराची फूटपट्टी-फूटपट्टी केलेली मोजणी, खिडकीच्या चौकटीचा सेक्शन, व्हरांड्याच्या खांबामधलं अंतर, जोत्याची उंची, हे सगळं नव्याच्या शेजारी ठेवून दाखवा, क्रांती गाथा गॅलरीच्या बाहेर एक भिंत ह्याला द्या. ती ड्रॉइंग लोकांना बघायला आवडतील. निदान माझ्यासारख्या चारदोन म्हाताऱ्यांना तरी!

बाहेर कसं करतात ह्याचं एक उदाहरण देतो, आणि ते मुद्दाम राणीच्याच घराचं देतो. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर ऑस्बोर्न म्हणून राणी व्हिक्टोरियाची समुद्राकाठची इस्टेट आहे. १८४५ मधे तिने आणि अल्बर्टने ती स्वतःच्या पैशाने घेतली, अल्बर्टने थॉमस क्युबिट ह्या बिल्डरला घेऊन घर बांधलं, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या बागेच्या गच्च्या केल्या, कारण त्याला समोरचं पाणी बघून नेपल्सच्या खाडीची आठवण व्हायची. राणी २२ जानेवारी १९०१ ला तिथेच वारली. आता ते लोकांना बघायला खुलं आहे, आणि नुसतं घर नाही, पोरांसाठी बांधलेलं लाकडी स्विस कॉटेज, राणीच्या प्रत्येक मुलाला वेगळा वाफा आणि नावाची अक्षरं घातलेली छोटी ढकलगाडी, भिंतीआडची भाजी-फुलांची बाग, आणि २०१२ पासून राणीचा खासगी समुद्रकिनारा सुद्धा. तिथे ती आंघोळीला जायची ती चाकांवरची लाकडी खोली पण ठेवलीय. इंग्लंडमधे १९८० च्या दशकापासून ऐतिहासिक बागा आणि उद्यानांचं वेगळं रजिस्टर आहे, इमारतींच्या यादीहून वेगळं, त्यात १,६०० च्या वर जागा आहेत. बाग हीच वस्तू, असं ते धरतात.

ऑस्बोर्नमधे दरबार रूम म्हणून एक हॉल आहे, १८९० च्या सुमाराचा, तो केला लाहोरच्या भाई राम सिंग ह्यांनी आणि त्यांना घेऊन लॉकवूड किपलिंग ह्यांनी, जे लाहोरला जायच्या आधी दहा वर्षं आपल्या जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकवत होते. त्या हॉलमधे फायरप्लेसच्या वर एक मोठा प्लास्टरचा मोर आहे. तिकडे प्लास्टरच्या मोराचं पीस न् पीस जपतात, आपल्याकडे खरे मोर फिरतायत आणि ते कुठल्या झाडावर रात्री बसतात ह्याचीही नोंद नसावी.

आता लोक म्हणतील, सिक्युरिटीचं काय. बरोबर आहे. राज्यपालांचं राहतं घर आहे, पहाऱ्याच्या जागा आणि आतल्या वायरी पेपरात छापा असं कोण म्हणतंय? दोन नकाशे करा. एक कुलपात ठेवा, एक लोकांना द्या, त्यात जुने रस्ते, झाडं, देऊळ, खडक, भुयार, पडलेल्या इमारतींचे पाये एवढं असू दे. लोकांना आत नेऊन दाखवता, ऑनलाइन बुकिंग घेता, सूर्योदय दाखवता, मग लोकांपासून लपवायचं असं उरतं काय? आणि पैशाचं म्हणाल तर मोजणी ही बांधकामाच्या मानाने चिल्लर आहे. जेजेच्या आर्किटेक्चर कॉलेजची मुलं दरवर्षी कुठे ना कुठे मेझर्ड ड्रॉइंग करायला जातातच, कित्येकदा राजस्थानात जातात, त्यांना चर्नी रोडवरून बस पकडून इथे यायला सांगा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या बिल्डिंगमधे राज्याचं पुराभिलेख खातं आहे, तिथे पीडब्ल्यूडीचे जुने बाड आहेत. मुंबईचा १८६५ ते १८७२ मधला लॉटनचा सर्व्हे आहे, बारीक नकाशे, त्यावर आजचा नकाशा ठेवला की काय गेलं काय आलं ते एका नजरेत येतं.

आणि कागदाच्या आधी माणसं. जुने माळी, खानसामे, वायरमन, पंप चालवणारे, रिटायर झालेले, तिथल्या क्वार्टरमधे जन्मलेली त्यांची पोरं. भुयार अस्तित्वात आहे हे कुणाच्या तरी ऐकण्यात होतं म्हणूनच भिंत फोडली गेली, फाइलीत बघून नव्हे. ही माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांना नकाशा समोर ठेवून विचारा की बाबा इथे काय होतं, ते बोट ठेवून सांगतील. कोळीवाड्यातल्या बायकांना विचारा की श्रीगुंडीला पूर्वी कुठल्या वाटेने यायचात, होडीने यायचात का पायी, ती वाट इस्टेटीच्या कुठल्या नकाशावर नसणार पण ती सगळ्यात जुनी वाट असू शकते.

मुंबईचे हेरिटेज नियम १९९५ पासून आहेत, देशात पहिले, आणि त्यात इमारतींबरोबर टेकड्या, पाण्याचे साठे, झाडीच्या जागा ह्यांचाही उल्लेख आहे. म्हणजे कायद्याने दार उघडंच आहे. आपल्याकडे सवय नाही एवढंच. शिवाय हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. ऑगस्ट २०२० च्या पावसात मलबार हिलच्या दुसऱ्या अंगाला बी. जी. खेर मार्गाखालचा उतार भिंतीसकट खाली आला आणि रस्ता किती दिवस बंद राहिला ते गिरगाव-केम्प्स कॉर्नरवाल्यांना विचारा. जुन्या टेकडीवर जुन्या भिंती, त्यांच्यामागे जुनी पन्हळं, पन्हळ तुंबलं की पाणी भिंतीमागे साठतं आणि भिंत पोट काढते, पोट सुटलं की ढासळते. राजभवनाचा कडा त्याच टेकडीचा शेवट आहे आणि त्याला तर खालून लाटाही मारतायत. कुठली भिंत किती इंच बाहेर आलीय हे आज मोजून ठेवलं तरच पाच वर्षांनी ती हलली का नाही ते सांगता येईल.

कामाला सुरुवात करायची तर माझ्या मते खडकांपासून करा. दिवाळीनंतर समुद्र शांत होतो, डिसेंबर-जानेवारीत पौर्णिमेच्या आसपासचे दोनतीन दिवस धरा, एक सर्व्हेअर, दोन पोरं स्टाफ (मोजणीचा उभा दांडा) धरायला, एक वनस्पतीवाला, एक पुरातत्त्ववाला आणि एक कोळी. कोळ्याला मानधन द्या, चहावर भागवू नका. पहिला बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची कायमची खूण, श्रीगुंडीच्या खडकापाशी पक्का करा आणि तिथून वर चढत या, म्हणजे मे महिन्यात गवत वाळेल तोवर तुम्ही बंगल्यांच्या जोत्याला पोचलेले असाल. वाचकांपैकी कुणाकडे राजभवनातले घरगुती जुने फोटो असतील, वडील किंवा आजोबा तिथे नोकरीला होते म्हणून, तर ते टाकून देऊ नका, मागे कोण उभं आहे त्याहून मागचं झाड आणि कठडा काय आहे ते बघा आणि पेपरकडे पाठवा, संपादकसाहेब छापतील अशी आशा करतो.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, गिरगाव